पेठेनं उचललेलं नाव

"तिची वेणी तू घालतीस?" मी विचारलं.

मयूरीनं दातात धरलेलं रबर काढलं. "मग? तिला मागं हात नेऊन घट्ट बसत न्हाय."

"माझी कधी घातली न्हाईस."

"तुला केसं हायत व्हय घालायला?" म्हणत ती हसली आणि पुढच्या पेडाला लागली.

सकाळचे सहा वाजले होते. ग्राऊंडच्या वरच्या पायरीवर मयूरी बसली होती आणि खालच्या पायरीवर, तिच्या गुडघ्यांना टेकून, लिंथोई. लिंथोईच्या पायात मयूरीचे लाल मोजे होते. ते आम्ही दोघींनी दिवाळीत मिळून घेतले होते, दोन जोड, एक तिला आणि एक मला. मी माझ्या पायांकडं पाहिलं आणि मोजे दुमडून बुटात कोंबले.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या मुलींच्या संघात मी डावीकडून खेळायचे आणि मयूरी मधून. सहा वर्षं आम्ही अशाच खेळत होतो. बॉल पायात आला की ती मान वर न करता एकदाच "हां" म्हणायची. तो ऐकला की मी पळत सुटायचे, आणि मी पोचायच्या जागी बॉल आधीच येऊन थांबलेला असायचा. घरात आम्ही चार भावंडं. आईची हाक चौघांना मिळून एकच असायची. फक्त माझ्यासाठी निघणारा आवाज मला त्या मैदानावरच मिळाला होता.

जानेवारीत आमच्या कोचनी, इनामदार सरांनी, लिंथोईला आणलं. मणिपूरची, माझ्याच वयाची, एका सीझनपुरती. "पुढं गोल करणारं कोण न्हाय आपल्याकडं," सर सगळ्यांसमोर म्हणाले. पुढं मी होते. मयूरीचा भाऊ सैन्यात गेल्यामुळं त्यांची माडीवरची खोली रिकामी होती, म्हणून लिंथोई तिथं राहायला गेली. तोवर परीक्षेच्या दिवसांत त्या खोलीत मी झोपायचे.

नऊ वर्षं मी मयूरीच्या आईला काकू म्हणत आले. लिंथोई नवव्या दिवशी 'आई' म्हणायला लागली. काकूंचा तांबडा रस्सा मी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन प्यायचे. ही पोरगी दोन वाट्या प्याली, तिसरी मागितली आणि नाकसुद्धा ओढलं नाही. "आता कळलं खाणारं माणूस कसं असतंय," काकू माझ्याकडं बघत म्हणाल्या. चेष्टाच होती. मी हसलेसुद्धा. घरी आल्यावर जेवले नाही.

आणि ती खेळायची चांगली. हे लिहायला मला आजही जड जातं. मयूरीचा "हां" तिनं आठवड्यात ओळखला. मला सहा वर्षं लागली असं नाही, पण तो ओळखणारी मी एकटी होते.

आमच्याकडं मैदानावर कुणाला खऱ्या नावानं हाक मारत नाहीत. गोलकीपर सुषमा होती 'फाटक', मागची शबाना होती 'ब्रेक'. माझं नाव राजनंदिनी, त्याचं झालं 'नंदी', म्हणजे देवळातला बैल. ही नावं बहुतेक मीच ठेवलेली, माझं सोडून. मी एकदा ठेवलं की भिंतीवर बसणारी पोरं उचलायची, मग मॅचला गॅलरी उचलायची, मग पेठ. एकदा पेठेनं उचललं की लग्नाच्या मांडवातसुद्धा माणसं त्याच नावानं ओळखायची. लिंथोईला अजून नाव नव्हतं. मयूरी तिला लिंथोई म्हणायची, ते नीट जमावं म्हणून तिनं दोन दिवस घोकलं होतं.

माझी लेक आत्ता झोपली आहे. अकरा महिन्यांची आहे. तिच्या दुपारच्या झोपेत मला जो पाऊण तास मिळतो, त्यात हे लिहिते आहे, मधेच एक हात पाळण्याच्या दोरीला लावून. ती अजून सगळ्यांना 'बा' म्हणते, आजीला, मांजराला, पंख्याला, आणि त्या एका 'बा'मध्ये इतकी माया असते की पंख्यानंसुद्धा वळून बघावं. तिचं नाव ठरवायला आम्ही तीन महिने घेतले होते.

लिंथोईचं नाव मी एका शनिवारी ठेवलं.

प्रॅक्टिसमध्ये मयूरीनं "हां" म्हटलं. मी डावीकडून सुटले. बॉल उजवीकडं गेला. लिंथोईनं तो छातीवर घेतला आणि पडू न देता गोलात मारला. मयूरी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. दोघी एकमेकींना धरून गोल फिरल्या.

"वा गं चिंकी," मी मोठ्यानं म्हणाले. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

भिंतीवरची पोरं खिदळली. एकानं लगेच "चिंकी, चिंकी" म्हणून ताल धरला. लिंथोईनं मयूरीच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं, मग खाली वाकून बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती.

परत येताना मयूरीनं लिंथोईला पुढं पाठवलं आणि माझ्या सायकलचं हँडल धरलं.

"मघाशी तिला काय म्हणालीस?"

"टोपणनाव ठेवलं."

"ते टोपणनाव न्हवं."

"मला नंदी म्हणता ते चालतंय. सुषमाला फाटक म्हणता. तिला तेवढं सोवळं?"

"तुला नंदी म्हणत्यात, कारण तू पेठेतली हायस," मयूरी म्हणाली. "तिला हे म्हणत्यात ते ती पेठेतली न्हाय म्हणून. तिचं तोंड बघून म्हणत्यात. तुला म्हाईत नसंल, पण या शब्दापायी तिनं आधीचा क्लब सोडलाय."

"मला काय म्हाईत," मी म्हणाले.

"आता कळलं न्हवं? मग काढ ते नाव."

"ठेवलेलं नाव काढता येतंय व्हय? तू खुळी का काय?"

"जिनं ठेवलं तिनं काढायचं. कसं ते मला म्हाईत न्हाय." तिनं हँडल सोडलं. "मी तुझ्याशी भांडत न्हाय, नंदे. पण ते काढंस्तवर आपलं बोलणं ग्राऊंडवर. घराकडं येऊ नको."

"तिच्यापायी?"

"न्हाय. तुझ्यापायी," ती म्हणाली, आणि लिंथोईला गाठायला पुढं पळाली.

मला त्यातलं एकच ऐकू आलं: ती पळाली, आणि कुणाकडं पळाली.

पुढचे बारा दिवस मयूरी मैदानावर माझ्याशी पूर्वीसारखीच खेळली. तिचे पास तितकेच नेमके यायचे, "हां"सुद्धा यायचा. सरांची शिट्टी झाली की ती गप्प व्हायची आणि पिशवी उचलून चालू लागायची. तिनं पास चुकीचे दिले असते तर मला चाललं असतं. तिच्यावर चिडता तरी आलं असतं. मी दोघींकडं बघत खेळू लागले आणि माझ्या पायात बॉल थांबेना.

सेमीफायनलला गॅलरी भरली होती. आमच्या पेठेची हलगी माझा चुलत भाऊ दिगूदादा वाजवायचा. लिंथोईनं पहिला गोल मारला आणि दिगूदादानं हलगीचं टिपरू उगारून ओरडून विचारलं, "कोण?" आख्खी गॅलरी म्हणाली, "चिंकी!" मग ताल, मग परत "कोण?" हजारभर माणसं होती. कुणाच्या तोंडावर राग नव्हता. माझे शेजारचे आजोबा होते, शाळेतल्या बाई होत्या, सगळे कौतुकानं ओरडत होते. मी ठेवलेलं एकही नाव इतकं कधी चाललं नव्हतं.

मयूरीनं पळता पळता माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं बघितलं.

फायनलला सरांनी मला बाहेर बसवलं. हाफ टाइमनंतरही गोल झाला नव्हता आणि लिंथोई वाईट खेळत होती. मयूरी "हां" म्हणायची, बॉल सोडायची आणि लिंथोई जागची हलायचीच नाही. एकदा, दोनदा, चारदा. गॅलरी आता वैतागली होती, पण नाव तेच होतं. "ए चिंकी, झोपलीस का?" हलगीवर ते नाव तालात बसायचं, त्यामुळं कुणाला कंटाळा येत नव्हता.

"नंदे," सर म्हणाले, "वॉर्मअप कर. दहा मिनिटांत हिला काढतो, तू आत."

तिच्या जागी मी. उरलेली पंधरा मिनिटं, फायनलमध्ये, मयूरीच्या पुढं. मी रेषेच्या कडेनं पळायला लागले, गॅलरीच्या अगदी खालून. तेवढ्यात बॉल बाहेर गेला आणि थ्रो घ्यायला लिंथोई माझ्यापासून दोन हातांवर आली. तिनं बॉल डोक्यामागं नेला. मैदानातून मयूरी तिला ओरडून सांगत होती, "लिंथोई, मागं दे, मागं!" ती ढिम्म होती. वेणीमुळं तिचे कान उघडे होते.

दोन्ही कानांत कापूस होता. आतपर्यंत कोंबलेला.

ज्या आवाजासाठी मी बारा दिवस नीट जेवले नव्हते, तो तिनं स्वतःच्या हातानं बंद करून घेतला होता. गॅलरी ऐकू येऊ नये म्हणून तिला मयूरीही सोडावी लागली होती.

सरांचा नियम होता, मॅच चालू असताना जो गॅलरीत गेला तो त्या दिवशी मैदानात नाही. मला तो नियम पाठ होता. मी जाळीचं दार ढकललं आणि पायऱ्या चढून वर गेले. दिगूदादा हलगी खांद्याला लावून उभा होता. मी हलगीच्या कातड्यावर पंजा ठेवला. आवाज मेला.

दिगूदादाला आधी कळेचना. "हात काढ, नंदे."

"आधी ते नाव काढा."

"कसलं नाव?"

"चिंकी."

"आगं, तूच ठेवलंस की," तो म्हणाला, आणि भोवतीची पोरं हसली.

"व्हय, मीच ठेवलं. मीच काढाय आलोय. तिचं नाव लिंथोई हाय. म्हणता येत नसंल तर गप बसा."

"आता हिला काय झालं," मागून कोणीतरी म्हणालं. "प्रेमानं म्हणतोय की आम्ही."

"कानात कापूस घालून खेळालीय ती," मी दिगूदादाला म्हणाले. "तुमच्या प्रेमापायी. बघ जा खाली."

त्यानं वाकून खाली पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी पंजा काढला नाही. हाताखाली कातडं तापलेलं होतं. मॅचआधी जाळावर धरतात तसं. फायनलमध्ये आमच्या पेठेची हलगी कधी थांबली नव्हती. समोरच्या गॅलरीतून पलीकडच्या पेठेची माणसं उभी राहून बघायला लागली. खालून सर माझं नाव घेऊन ओरडत होते, मग त्यांनी हातातली बाटली आपटली आणि पाठ फिरवली.

मैदान इतकं शांत झालं की लिंथोईनं वर पाहिलं. ती काही क्षण माझ्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं एका कानातला कापूस काढला. एकाच.

त्यानंतर सातव्या की आठव्या मिनिटाला मयूरीच्या पायात बॉल आला. ती "हां" म्हणाली. मला तो गॅलरीतून, तेवढ्या अंतरावरून, स्वच्छ ऐकू आला आणि माझे पाय जागच्या जागी हलले. लिंथोई सुटली. गोल झाला तेव्हा आमच्या बाजूला अर्धा क्षण कुणालाच काय ओरडावं ते कळलं नाही. मी हलगीवरचा हात काढून घेतला. दिगूदादानं टिपरू उचललं. त्यानं "कोण?" विचारलं नाही. नुसती हलगी वाजवली, शेवटपर्यंत.

खाली मयूरी तिला उचलून घेऊन फिरत होती. मला वाटलं होतं, एवढं केल्यावर ते बघताना काही वाटणार नाही. वाटलं. पूर्वी वाटायचं तेवढंच वाटलं.

मिरवणुकीला मी गेले नाही. संध्याकाळी दारात बूट धूत बसले होते तेव्हा मयूरी आली. गुलालानं माखलेली होती. शेजारी पायरीवर बसली.

"हलगी थांबवलीस म्हणं."

मी ब्रश घासत राहिले.

"सर लई चिडल्यात. तुला आत घेणार होते ते."

"म्हाईत हाय."

"तिच्या जागी."

"तेबी म्हाईत हाय."

तिनं माझ्या हातातून दुसरा बूट घेतला आणि नखानं चिखल खरवडायला लागली. "आई म्हणाली, नंदीला जेवायला घिऊन ये. चल." मग म्हणाली, "मीबी उगं ताणलं. तुला काय म्हाईत होतं त्या शब्दाचं."

मला फक्त उठायचं होतं. हात धुऊन, चपला घालून तिच्याबरोबर चालायचं होतं. काकूंचं घर तीन गल्ल्या पलीकडं होतं आणि माझं ताट वाढलेलं होतं.

"मयूरी," मी म्हणाले, "मला म्हाईत होतं."

"काय?"

"त्या शब्दाचं. आधीपासनं."

त्या शनिवारच्या आधी दोन दिवस, दुपारी, मी मयूरीची वही द्यायला त्यांच्या घरी गेले होते. मयूरी कॉलेजात होती. स्वयंपाकघरात काकू आणि लिंथोई लसूण सोलत बसल्या होत्या. लिंथोई मोडक्या हिंदीत सांगत होती. आधीच्या शहरात तिच्या खोलीत एक मुलगी होती, तिची मैत्रीण. ती पहिल्या दिवसापासून तिला हसत हसत 'चिंकी' म्हणायची. मग सगळे म्हणायला लागले. एक दिवस त्या मैत्रिणीची आई आली आणि तिनं विचारलं, हिचं खरं नाव काय? मैत्रिणीला सांगता आलं नाही. तिला ठाऊकच नव्हतं. त्या संध्याकाळी लिंथोईनं बॅग भरली. हे ऐकून काकूंनी लसणाच्या हातानं तिच्या गालावरून हात फिरवला. माझ्या गालावरून त्यांनी कधी फिरवला नव्हता. मी वही उंबऱ्यावर ठेवली आणि आवाज न करता परत आले. दोन दिवस तो शब्द माझ्या तोंडात होता.

हे सगळं मी मयूरीला सांगितलं, काकूंच्या हातापर्यंत.

तिनं हातातला बूट पायरीवर नीट ठेवला, दुसऱ्याच्या जोडीला, आणि उठली.

"जेवायचं आज ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"उद्या?"

"मला इचारू नको. तिला सांग. मी नसताना सांग. माझ्यासमोर सांगितलंस तर ते मला सांगितल्यासारखं हुईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी, मयूरी कॉलेजात असताना, मी गेले. दार लिंथोईनं उघडलं. केस मोकळे होते, ओले. मी वाटेत हिंदी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"वो नाम," मी म्हणाले. "तुम काकू को बता रही थी, तब मैंने सुना था. मालूम था मुझे. मालूम होके बोला."

"हाँ," ती म्हणाली. "मालूम है."

"क्या मालूम है?"

"तुम दरवाज़े में था. मैंने देखा. कॉपी रखके गया."

मला तिच्याकडं बघवेना. म्हणजे त्या शनिवारी नाडी बांधायला वाकली तेव्हाही तिला ठाऊक होतं. बारा दिवस ती मयूरीच्या घरात राहत होती, तिच्या शेजारी जेवत होती. एका वाक्याचं काम होतं.

"मयूरी को क्यों नहीं बोला?" मी विचारलं.



"मेरा गाँव में बहुत दोस्त है," ती म्हणाली. "तुम्हारा एक ही है."

त्यात टोमणा नव्हता. मी खूप शोधला.

मग मला आत येता यावं म्हणून ती दारातून बाजूला झाली. मी उंबऱ्यावर वाकून कितीतरी वेळ चपला काढत होते.